थोडे दिवस आत्याकडे

पार्लरमध्ये तिला सगळे रेडिओ म्हणत. कात्री सुरू झाली की तोंडही सुरू. एखादी बाई वैतागून म्हणाली, "अगं, जरा आवाज कमी कर," की ही म्हणायची, "बटण पाठीला आहे, माझाच हात पोचत नाही." एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, आणि मध्ये दाबून बसवलेलं तीन खुर्च्यांचं ते पार्लर. पहिल्या दोन खुर्च्या रिकाम्या असल्या तरी बायका खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीसाठी बाकावर थांबत, कारण तिथे रेडिओ होती. नवरा सोडून गेलेली असो की परीक्षेत नापास झालेली, तिच्या खुर्चीतून उठताना हसत उठायची. मालकीणबाई म्हणायच्या, "हिच्या हाताला गुण आहे की तोंडाला, मला अजून कळलेलं नाही. पण दोन्ही माझ्याकडेच राहू देत."

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. एका गिऱ्हाइकाच्या घरी केस रंगवायला जाताना ही दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. तो वरून दरवाजा उघडेपर्यंत हिने फटीतूनच त्याच्या घरात कोण कोण आहे, लग्न झालंय का आणि केस कुठे कापतो, सगळं काढून घेतलं. हात देऊन त्याने बाहेर काढलं तेव्हा म्हणाली, "तुमच्या न्हाव्याला माझा निरोप सांगा, दुसरा धंदा बघ म्हणावं." तो स्वतः अबोल माणूस. लग्नानंतर हा किस्सा तेवढा न कंटाळता सांगायचा.

घरात तो, ती आणि सासूबाई. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सासूबाई शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या. सुनेच्या थट्टेला त्या हसायच्या, पण ओठ आवळून. नवऱ्याची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, घर मोठं, गाडी दारात आणि मूल नाही. त्यासाठी तिने वर्षानुवर्षं दवाखान्यांचे उंबरे झिजवले होते. शेवटी एक दिवस ती "बास" म्हणाली आणि त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नाही.

रेडिओला दिवस गेले तेव्हा ही बातमी ताईंना कोण सांगणार यावरून घरात बरीच टोलवाटोलवी झाली. शेवटी तिनेच फोन लावला. ताईंनी आधी कितवा महिना ते विचारलं. मग म्हणाल्या, "छान झालं गं. आता जड उचलू नकोस." आणि तेव्हापासून फळं, गोळ्या, सुती झबली असं काही ना काही त्यांच्याकडून येत राहिलं.

पोट खुर्चीच्या पाठीला टेकायला लागलं तरी ती कामावर जात होती. बायका म्हणायच्या, "आता बस की घरी." ती म्हणायची, "पोटातल्याचा फुकटात क्लास चाललाय, मध्येच कसा सोडवू?"

मग साथ आली आणि पार्लरचं शटर खाली आलं. दुसऱ्याच्या डोक्याला हात लावणं हाच गुन्हा झाला. नवऱ्याचं काम मात्र वाढलं; हॉस्पिटलातल्या लिफ्ट बंद पडून चालणार नव्हत्या.

बाळंतपणाला ती एकटीच आत गेली. सोबत कुणालाही सोडत नव्हते. दारात नवऱ्याने पिशवी दिली आणि रखवालदाराने त्याला पिवळ्या पट्ट्यामागे उभं केलं. आत सगळ्यांची तोंडं झाकलेली, डोळ्यांवर काचा. "श्वास घ्या, मोठा श्वास घ्या," असं ओरडणाऱ्यांनी तिच्याही नाकातोंडावर मास्क बांधून ठेवला होता. आयुष्यभर आरशात माणसांची तोंडं वाचणारी ती बाई, तिला त्या पूर्ण दिवसात एकही तोंड दिसलं नाही. मुलगी झाली. रडण्याचा आवाज आला आणि दूर गेला. रेडिओची तपासणी पॉझिटिव्ह आली होती, त्यामुळे बाळाला वेगळ्या मजल्यावर नेलं. ती वॉर्डात पडून राहिली. दूध येत होतं आणि टॉवेलात जात होतं. एक नर्स काचेच्या दारापलीकडे गुंडाळलेलं काहीतरी घेऊन यायची, ते उंच धरायची आणि निघून जायची.

बऱ्याच दिवसांनी बाळ तिच्या हातात दिलं तेव्हा तिने विचारलं, "हीच का?"

नर्स हसली. "नाही, शोरूममधून दुसरी आणू!"

हा विनोद नर्सने नवऱ्याला सांगितला, नवऱ्याने सासूबाईंना आणि सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना. रेडिओचा नवा जोक म्हणून सगळे हसले. तिने तो प्रश्न खरंच विचारला होता हे कुणाच्या मनातही आलं नाही.

घरी आल्यावर नवरा बाहेरच्या खोलीत झोपायला लागला, कारण तो हॉस्पिटलांतून फिरून यायचा. ताटवाटी वेगळी, टॉवेल वेगळा. आतल्या खोलीत ती आणि बाळ. सासूबाई दारात उभ्या राहून सूचना द्यायच्या. बाळ पाहायला कुणी येत नव्हतं, पण फोन दिवसभर वाजत असायचा. "कॅमेरा खाली कर ना. बाळ दाखव, बाळ!" म्हणून ती फोन खाली करायची. फोन धरणारीचा चेहरा कुणालाच बघायचा नव्हता.

नवरा मुलीला चिमी म्हणायला लागला, मग सगळेच म्हणायला लागले. ती तिला काहीच म्हणत नव्हती. दूध पाजायची, लंगोट बदलायची, उचलून फिरवायची, सगळं अगदी नीट. दुसऱ्याची महागाची वस्तू जपावी तसं. बाळ झोपलं की ही भिंतीकडे बघत जागी. केस धुणं तिने सोडलं. दुसऱ्यांच्या एकेका बटेसाठी जीव टाकणाऱ्या बाईच्या डोक्यावर जटा झाल्या, आणि सासूबाई म्हणाल्या, "आरशापुढून न हलणारी तू, आता हा अवतार मुद्दाम आम्हाला दाखवायला केलायस का?"

"नाही हो, आई. हात वर होत नाहीत."

"आम्हालाही पोरं झाली. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो होतो. लाडावून ठेवलंय तुला."

तिची स्वतःची आई दुसऱ्या गावात एकटी राहायची. रस्ते बंद होते तोवर फोनवरच रडली. गाड्या थोड्याशा सुरू झाल्या तशी कुणाकुणाच्या पाया पडून, भाजीच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून इमारतीखाली येऊन उभी राहिली. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि खालचं दार उघडू दिलं नाही.

"टेम्पोतून आल्यात त्या. कुणाकुणाला चिकटून आल्या असतील! तान्हं बाळ आहे घरात."

नवरा कामावर होता. रेडिओ बाळाला घेऊन खिडकीशी आली. खाली तिची आई पिशवी धरून मान वर करून उभी होती.

"जेवलीस का गं?" खालून आई ओरडली.

"जेवले."

"झोपतेस का?"

आजूबाजूच्या खिडक्यांतून माणसं डोकावत होती. चौथ्या मजल्यावरून ओरडून काय सांगणार? ती म्हणाली, "हो, झोपते."

"बाळाला जरा वर धर. बघू दे."

तिने बाळ वर धरलं, आणि त्याच क्षणी तिला ते हातातून सुटलेलं दिसलं. सुटलं नव्हतं, छातीशी घट्ट होतं. पण खाली, आईच्या पायापाशी पडलेलं तिला स्पष्ट दिसलं. ती धाडकन मागे सरकली आणि खिडकी लावून घेतली. खाली आई बराच वेळ उभी राहिली. मग पिशवी दाराशी ठेवून त्याच टेम्पोतून परत गेली. पिशवीवर सासूबाईंनी फवारा मारला आणि ती जिन्यातच ठेवून दिली.

त्यानंतर ते दिसणं थांबेना. पाण्याची बादली बघितली की दिसायचं, जिना बघितला की दिसायचं. आपल्या कामाच्या कात्र्या तिने कापडात गुंडाळल्या आणि स्टुलावर चढून कपाटाच्या वर मागे सारल्या. खिडकीच्या बाजूला पाठ करून बसायला लागली. कुणाला सांगणार? नवरा दारातून म्हणायचा, "काय गं, रेडिओ बंद का? सेल संपले?" त्याला वाटायचं हसेल. ती हसली नाही की तो आणखी जोरात तोच विनोद करायचा.

ज्यांनी पहिल्यांदा ओळखलं त्या ताईच. फोनवर त्या म्हणाल्या, "कॅमेरा वर कर. मला तू दिसू दे." तिच्या जटा बघितल्या, डोळे बघितले. मग म्हणाल्या, "हा आजार असतो. बाळंतिणीला होतो. तुझा दोष नाही यात. मी डॉक्टर बघते." कित्येक दिवसांत तिच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. रेडिओ फोन धरून ढसाढसा रडली. नणंद कसली, ही तर सख्खी बहीण, असं तिने नवऱ्याला सांगितलं.

डॉक्टरबाई व्हिडिओवर भेटल्या. फोन नवऱ्याने धरला. ताईही त्यांच्या घरून त्याच कॉलवर होत्या. सासूबाई दारात. डॉक्टरबाईंनी शांतपणे झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, आणि मग विचारलं, "बाळाला इजा करावी असं मनात येतं का? घाबरू नका, खरं सांगा. मी हे सगळ्याच आयांना विचारते."

"करावं असं नाही वाटत," ती म्हणाली. "दिसतं. खिडकीतून पडताना दिसतं. माझ्या हातून. म्हणून मी खिडकीपाशी जात नाही, कात्र्याही वर ठेवल्यात."

नवऱ्याने खिडकीकडे बघितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की असं पुष्कळ जणींना दिसतं, ज्यांना दिसतं त्या बाळाला जिवापाड जपत असतात, गोळ्यांनी हे जाईल. हिला एकटीला ठेवू नका, सोबतीला कुणीतरी हवं, झोप मिळू द्या, आणि बाळ हिच्या जवळच राहू द्या. सगळं सगळ्यांनी ऐकलं. ज्याने त्याने आपल्याला हवं तेवढं ठेवून घेतलं. सासूबाईंच्या कानात खिडकी राहिली. ताईंच्या कानात राहिलं, हिला झोप मिळू द्या.

दुसऱ्या दिवशी ताई गाडी घेऊन आल्या. मास्क, हातमोजे, मागच्या सीटवर बाळाची नवी कोरी खुर्ची. एवढ्या बंदीत ती कुठून मिळवली, कुणी विचारलं नाही.

"थोडे दिवस माझ्याकडे राहू दे. तू गोळ्या घे, झोप काढ. तुझीच आहे ती, मी का पळवून नेणार आहे?"

रेडिओने स्वतः बाळ त्यांच्या हातात दिलं. दुपटं नीट केलं. आणि गाडी वळून दिसेनाशी झाली तेव्हा तिला जे वाटलं ते तिने नंतर कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण चेहऱ्यावर ते उमटलं आणि सासूबाईंनी पाहिलं. तिला हलकं वाटलं होतं. ती आत गेली, आडवी झाली आणि मेल्यासारखी झोपली. जाग आली ती दुधाने भिजलेल्या अंगाने. पुढे काही दिवस मोरीत उभं राहून ती छाती दाबून दूध काढून टाकत होती, आणि दुखण्याने भिंतीला डोकं टेकत होती. मग तेही आटलं.

गोळ्या हळूहळू लागू पडल्या. आधी झोप आली, मग भूक. मग तिने स्वतःचे केस कापले, कारण विंचरण्यासारखे ते राहिलेच नव्हते. आरशात बघून म्हणाली, "कुणी कापलेत हो हे?" नवरा हसला आणि डोळे पुसायला बाहेर गेला. आणि एका सकाळी, चहा गाळता गाळता, तिला मुलीचा वास आठवला. डोक्याचा, टाळूवरचा. गाळणी तशीच टाकून ती नवऱ्याकडे गेली. "चल. चिमीला घेऊन येऊ."

ताईंचं घर नवव्या मजल्यावर. त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही. "तू हॉस्पिटलांतून फिरतोस," भावाला म्हणाल्या. "दारातूनच बघा, प्लीज. तिच्यासाठीच म्हणतेय ना मी." जाळीआड मुलगी ताईंच्या खांद्यावर होती. गुटगुटीत, लख्ख, कानात सोन्याचे बारीक मणी. ताईंनी मान हलवली की ती खिदळायची. रेडिओने जाळीतून बोट आत घातलं. मुलीने ते बघितलं आणि तोंड ताईंच्या मानेत लपवलं.

"दात येताहेत, आत्ता जागा बदलायला नको," ताई म्हणाल्या.

मग साथीची पुढची लाट आली. मग थंडी सुरू झाली. मग पोट बिघडलं. दर वेळचं कारण खरं असायचं. ताईंनी बिनपगारी रजा काढली होती. त्यांचा नवरा, जो इतकी वर्षं पेपरातून मान वर काढत नव्हता, तो जमिनीवर रांगत होता. सासूबाई आठवड्यातून दोनदा तिकडे जायच्या आणि उजळलेल्या चेहऱ्याने परत यायच्या.

"तिचं घर भरलंय गं," त्या सुनेला म्हणाल्या. "किती वर्षांनी हसतेय ती. तुला काय, तुला होतात. दुसरं होईल."

"आई, ती माझी मुलगी आहे."

"मग दिलीस कशाला? वर हसलीस. मी बघितलंय."

पार्लरचं शटर उघडलं. तिसरी खुर्ची, मास्क, प्लास्टिकचे एप्रन. रेडिओ पुन्हा सुरू झाली आणि बायका खूश झाल्या. "बाळ कुणाकडे ठेवतेस?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "आत्याकडे आहे थोडे दिवस. फाइव्ह स्टारमध्ये ठेवलंय." हे थोडे दिवस लांबत गेले तसं विचारणाऱ्या बायकांनी विचारणं सोडलं, आणि ती जास्तच बोलायला लागली.

मुलगी उभी राहायला लागल्यावर एका दुपारी ती नवऱ्याला न सांगता एकटी ताईंकडे गेली. आता जाळीचं दार उघडत असत. चिमी गालिच्यावर डबे एकात एक घालत बसली होती.

"ताई, मी हिला न्यायला आलेय."

ताईंनी घाई केली नाही. "पाणी घे आधी."

"नको. मी बरी आहे आता. डॉक्टरबाईंनीही सांगितलंय. गोळ्यासुद्धा कमी केल्यात."

"डॉक्टरांसमोर तू काय म्हणाली होतीस, आठवतंय ना?"

"तो आजार होता. तुम्हीच मला सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं. पण मला ते विसरता येत नाही, त्याला मी काय करू? इथल्या प्रत्येक खिडकीला मी जाळी बसवून घेतली, तुझं ते बोलणं ऐकल्यावर. तुझ्या घरी आहे जाळी?" आणि मग बाजूला सरकून त्या म्हणाल्या, "घेऊन जा. मी अडवत नाही. तुझीच आहे. जा."

तिने मुलीला उचललं. मुलीने आधी तिच्याकडे निरखून बघितलं आणि मग अंग ताठ करून किंचाळली. ताई जागच्या हलल्या नाहीत. हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. रेडिओ दाराबाहेर आली, लिफ्टचं बटण दाबलं. मुलगी तिच्या खांद्यावरून मागे झेपावत होती, दोन्ही हात दाराकडे, तोंड निळंकाळं, श्वास अडकलेला. लिफ्ट येईना. ती मुलीला गाणं म्हणून दाखवायला लागली, मग नुसतीच "अगं मी आहे, मी आहे" म्हणत राहिली. मुलीने तिच्या गालावर नखं ओढली. बाजूला जिन्याचा कठडा होता आणि कठड्यापलीकडे नऊ मजले. तिची नजर तिकडे गेली, आणि इतक्या महिन्यांत न दिसलेलं ते तिला पुन्हा दिसलं.

ती मागे फिरली आणि मुलीला ताईंच्या हातात दिलं. तिथे जाताच मुलगी गप्प झाली. एक हुंदका, अंगठा तोंडात, आणि गप्प.

"बघितलंस?" ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. कपाटातून क्रीम काढून त्यांनी तिच्या गालाला लावलं.

पार्लरमध्ये एक वकीलबाई यायच्या. त्यांच्या मानेवरचे केस कापताना तिने विचारलं, दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं. वकीलबाईंनी आरशातून तिच्याकडे बघितलं.

"मूल आईचंच आहे, मागता येतं. पण डॉक्टरांसमोर ती काय बोलली ते सगळ्यांपुढे निघेल. आणि मुख्य म्हणजे तिचा नवरा कुणाच्या बाजूने उभा राहील?"

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला तेच विचारलं. तो अवजारांच्या पेटीतले पाने पुसत होता. बराच वेळ एकच पाना पुसत राहिला.

"मी दिवसभर बाहेर असतो," तो म्हणाला. "आईचं वय झालं."

"मग?"

"मग घरी ती आणि तू."

"हो. मी. तिची आई."

त्याने पाना खाली ठेवला. "मला भीती वाटते."

"कसली?"

तो पेटीचं झाकण लावायला लागला.

"माझी?"

त्याने मान हलवली. पण हो की नाही, ते त्यालाही नीट ठरवता आलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. घरात बोलणं तिने जवळजवळ थांबवलं. जे काही होतं ते पार्लरमध्ये संपवून येत असे.

चिमी बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द म्हणाली तो "आई", आणि म्हणाली ताईंना. ताईंनी तो शिकवला नव्हता. पण दुरुस्तही केला नाही. मग बाकीची नाती आपोआप सरकली. ताई आई झाल्या, तर त्यांचा भाऊ मामा झाला आणि भावाची बायको मामी. सासूबाई तेवढ्या आजीच राहिल्या, दोन्हीकडून. पहिल्यांदा मुलीने "मामा" हाक मारली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "अगं, बाबा म्हण." दुसऱ्यांदा नुसता हसला. पुढे एकदा रेडिओ पोळीला तेल लावत होती आणि तो बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होता: "कोण, चिमी? अगं, मी मामा बोलतोय. मामा!" ती पोळी तव्यावर जळून गेली. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठे असतं तुझं?"

तिने ठरवलं की तिकडे जायचंच नाही. काही महिने गेलीही नाही. त्याचा परिणाम एवढाच झाला की मुलगी तिचा चेहरा विसरली आणि पुढच्या वेळी कुणीतरी पाहुणी आल्यासारखी सोफ्याच्या मागून बघत राहिली. तेव्हा रेडिओला कळलं की या घरात शिरायला एकच दार आहे, आणि त्यावर मामी लिहिलेलं आहे. ती दर रविवारी जायला लागली. हाकेला ओ द्यायला लागली. ताई चहा करायच्या, चांगलं वागायच्या. ओळखीपाळखीत सांगायच्या, "माझी वहिनी. खूप मोठ्या आजारातून उठलीय." शाळेत घालताना कागदावर आई म्हणून रेडिओचंच नाव द्यावं लागलं, ते ताईंनी वर्गातल्या बाईंना बाजूला घेऊन समजावून सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि रेडिओकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं.

तिच्या आईने एकदा फोनवर विचारलं, "अगं, पण तू भांडत का नाहीस?"

"कुणाशी भांडू?" ती म्हणाली. "सगळे माझी काळजी करतात."

दुसरं मूल झालं नाही. होऊ दिलं नाही, असं म्हणायला हवं. त्याबद्दल नवऱ्याने कधी विचारलं नाही, आणि त्याला आपली भीती वाटते का, याचं उत्तर तिला त्याच्या न विचारण्यातच मिळालं.

परवाच्या रविवारची गोष्ट. चिमी आता शाळेत जाते, प्रश्न फार विचारते. गालिच्यावर पालथी पडून चित्र रंगवत होती. त्यात घर, आई, बाबा, आजी, मामा, मामी सगळे होते.

"मामी," ती मान वर न करता म्हणाली, "तुला बाळ का नाही?"

ताई डायनिंग टेबलापाशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "मामीला लहान मुलं सांभाळता येत नाहीत, म्हणून," त्या म्हणाल्या. सहज, हळू आवाजात, मुलीला समजेल असं.

चिमीने थोडा विचार केला. मग ती उठून रेडिओच्या गुडघ्याला टेकली. "मग मी मोठी झाले की तुझ्याकडे येईन हं राहायला. तेव्हा सांभाळावं लागणार नाही."

"ये," रेडिओ म्हणाली.

ताईंनी एक झगा झटकून घडी घातली आणि म्हणाल्या, "चहा घेऊन जाशील ना?"

तिने चहा घेतला, कप विसळून पालथा घातला, चपला घातल्या. बसमध्ये बसायला जागा मिळाली. घरी पोचली तेव्हा नवरा टीव्हीपुढे जेवत होता.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"खालचा दात हलतोय," ती म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली.